बंगालची मेंढी, सिडनीचे बंदर आणि फलटणची जुळी कोकरे

१/ कोकरू जन्मल्यावर पहिल्या तीन महिन्यांत किती वाढेल, हे कोण ठरवते? बापाचे रक्त, आईचे दूध की रानातला चारा? प्रश्न वरवर पशुपालनाचा वाटतो. परंतु त्याच्या उत्तराचा मागोवा घेताना सुंदरबनाची दलदल, सिडनीची कैद्यांची वसाहत, केंब्रिजची प्रयोगशाळा आणि सातारा जिल्ह्यातील फलटण ही ठिकाणे एकाच सूत्रात ओवली जातात. हे सूत्र दोनशे वर्षांहून अधिक लांबीचे आहे.

२/ आरंभ दख्खनच्या पठारापासून करावा लागतो. येथील धनगरांची मेंढी म्हणजे काळी, काटक दख्खनी मेंढी. शतकानुशतके तिची जाडीभरडी लोकर घोंगडी आणि जेन यांसाठी वापरली गेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरणीच्या स्वस्त कापडाने आणि ब्लँकेटने घोंगडीची मागणी घटवली. मेंढपाळाचे उत्पन्न लोकरीवरून मांसावर, म्हणजेच कोकरांच्या विक्रीवर आले.

३/ कोकरू तीन-चार महिन्यांचे झाले की बहुधा व्यापाऱ्याच्या हाती जाते. म्हणजे मेंढीच्या गर्भातील पाच महिने आणि तिच्या दुधावरचे तीन महिने एवढ्याच काळात मेंढपाळाच्या वर्षभराच्या कमाईचा निकाल लागतो. कोकराचे वजन हा येथे शास्त्रीय कुतूहलाचा विषय उरत नाही. मुलांची फी, लग्नकार्य आणि सावकाराची उचल यांचा हिशेब त्यावर चालतो.

४/ दख्खनी मेंढी बहुतेक वेळा एकच कोकरू देते. यात नवल नाही. दिवाळीनंतर अनेक वाडे कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्यापूर्वी माघारी फिरतात. रोज चालणाऱ्या, मिळेल त्या चाऱ्यावर जगणाऱ्या मेंढीला एक कोकरू पोसणेच जड जाते. जुळे झाले तर त्यातले अशक्त कोकरू मागे पडण्याचे भय असते. ज्या प्रदेशात मेंढीने चालत राहणे हीच पहिली अट आहे, तेथे एकुलत्या कोकराची परंपरा टिकणे स्वाभाविक होते.

५/ याउलट गंगेच्या मुखाशी, सुंदरबनात, अगदी वेगळी मेंढी नांदत होती. तिला गारोळ म्हणतात. पूर्ण वाढलेल्या मादीचे वजन साधारण १० ते १४ किलो. म्हणजे एखाद्या मोठ्या कुत्र्यापेक्षाही कमी. ती गुडघाभर पाण्यात उभी राहून चरते. सतत ओल्या जमिनीत वावरूनही तिचे खूर सहसा कुजत नाहीत. आणि एवढ्या चिमुकल्या देहातून ती सर्रास दोन, कधी तीन कोकरे जन्माला घालते.

६/ आता सन १७९२. ब्रिटिशांनी न्यू साउथ वेल्समध्ये कैद्यांची वसाहत स्थापन करून चार वर्षे झाली होती आणि वसाहत उपासमारीच्या छायेत होती. धान्य व जनावरे आणण्यासाठी जहाजे कोलकात्याकडे धाडली गेली. १७९२ साली ‘अटलांटिक’ आणि १७९३ साली ‘शाह होर्मुझियर’ या जहाजांतून बंगालच्या मेंढ्या सिडनीच्या किनाऱ्यावर उतरल्या. त्या कोणी संशोधनासाठी आणल्या नव्हत्या. भुकेल्या माणसांना मांस हवे होते.

७/ ऑस्ट्रेलियाच्या लोकर व्यवसायाचा आद्य पुरुष म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, त्या जॉन मॅकआर्थरनेही १७९४ च्या सुमारास कोलकात्याहून आलेल्या सुमारे ६० बंगाली मेंढ्या विकत घेतल्या होत्या. आयरिश मेंढ्यांशी त्यांचा संकर झाला, तेव्हा पिल्लांच्या अंगावर केस आणि लोकर यांचे मिश्रण दिसले. मॅकआर्थरला त्यात लोकरीची शक्यता दिसली. त्या मेंढ्यांची दुसरी शक्ती, म्हणजे जुळ्यांची, त्याच्या हिशेबात बसणारी नव्हती.

८/ १७९७ साली केप ऑफ गुड होपहून मेरिनो मेंढ्या आल्या आणि चित्र पालटले. मऊ लोकर हेच वसाहतीचे सोने ठरले. बंगाली मेंढी खुजी, केसाळ आणि निरुपयोगी मानली गेली. पिढ्यानपिढ्या मेरिनो मेंढे वापरून तिचे रूप पुसण्यात आले. पॅरामाटाचा धर्मोपदेशक सॅम्युएल मार्सडेन याच्या कळपातही तिचे रक्त मिसळले होते. डोळ्यांना दिसेनासे झालेले रक्त नष्ट झाले, असा सर्वांचा समज झाला.

९/ याच काळात इंग्लंडमध्ये पशुपैदाशीचे नवे युग सुरू झाले होते. लेस्टरशायरमधील डिशली येथील रॉबर्ट बेकवेल (१७२५–१७९५) याने निवडक मेंढे हंगामापुरते भाड्याने देण्याची पद्धत रुजवली. एकाच मेंढ्याची पिल्ले अनेक शेतकऱ्यांच्या कळपांत वाढताना पाहून तो मेंढ्याची खरी किंमत ठरवी. एका हंगामासाठी शेकडो गिनी मोजणारे शेतकरी त्याच्या दारी येत.

१०/ बेकवेलची रीत क्रांतिकारक होती. परंतु तिचा केंद्रबिंदू बाप होता. मेंढा शेकडो पिल्लांचा पिता होऊ शकतो. मेंढी वर्षाकाठी एक-दोन कोकरे देते. म्हणून पैसा, नोंदी आणि कीर्ती मेंढ्याभोवती जमली. त्याची न्यू लेस्टर मेंढी लवकर वाढे आणि चरबी धरी. मात्र तिला कोकरे कमी होतात व दूध बेताचे असते, अशी टीका समकालीनांनीच केली. मातेचा वाटा मोजण्याची रीत अजून जन्माला यायची होती.

११/ वास्तविक मातेच्या वाट्याचा एक पुरावा प्राचीन काळापासून माणसासमोर उभा होता. गाढव बाप आणि घोडी आई यांचे अपत्य खेचर. घोडा बाप आणि गाढवी आई यांचे अपत्य निराळे, बहुधा लहान चणीचे. दोन्हींत रक्त अर्धे-अर्धे, तरी देह वेगळा. फरक कोठून आला? गर्भाशयातून, दुधातून की बीजातून? हे तिन्ही धागे एकमेकांत गुंतले होते आणि ते सोडवण्याचे साधन कोणाकडे नव्हते.

१२/ ते साधन विसाव्या शतकात कृत्रिम रेतनाच्या रूपाने मिळाले. केंब्रिजमध्ये आर्थर वॉल्टन आणि जॉन हॅमंड यांनी अवाढव्य शायर घोडे आणि बुटके शेटलंड तट्टू यांचा दोन्ही दिशांनी संकर केला. १९३८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शायर आईचे शिंगरू जन्मतः शेटलंड आईच्या शिंगरापेक्षा सुमारे तिप्पट वजनाचे होते. दोघांचाही आनुवंशिक वारसा मिश्र. पण आईने गर्भाला आपल्या मापात ठेवले होते.

१३/ जन्मानंतरही हा फरक पुरता मिटला नाही. म्हणजे मातेचा प्रभाव क्षणिक नव्हता. तरीही एक शंका उरली. आई गर्भाशय देते, तशी आपली जनुकेही देते. मग परिणाम कशाचा? शंका फेडायची तर एका आईचे बीज दुसऱ्या आईच्या उदरात वाढवणे भाग होते. आणि येथे मेंढी इतिहासाच्या मध्यभागी आली, कारण भ्रूणरोपणाचे पुष्कळसे आरंभीचे प्रयोग तिच्यावरच झाले.

१४/ १९५० च्या दशकात हंटर यांनी बॉर्डर लेस्टर ही मोठी आणि वेल्श माउंटन ही लहान मेंढी घेऊन संकर व भ्रूणरोपण केले. १९६२ साली डिकिन्सन व सहकाऱ्यांनी लिंकन आणि वेल्श मेंढ्यांवरील प्रयोग मांडले. वेल्श कोकरू लिंकन मातेच्या उदरात वाढले, तर जन्मतः अधिक भरले. लिंकन कोकरू वेल्श उदरात वाढले, तर खुरटले. परंतु एकाच प्रकारच्या उदरात वाढूनही दोन जातींची कोकरे समान झाली नाहीत. वंश आणि माता, दोघांचाही वाटा स्वतंत्रपणे सिद्ध झाला.

१५/ त्याच काळातील एक प्रसंग कादंबरीत शोभावा असा आहे. केंब्रिजमधील संशोधकांनी बॉर्डर लेस्टर मेंढीची फलित बीजे सशाच्या देहात ठेवून विमानाने दक्षिण आफ्रिकेस पाठवली. तेथे ती डॉर्पर मेंढ्यांच्या गर्भाशयात रोवली गेली आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी कोकरे जन्मली. ससा तात्पुरते वाहन, डॉर्पर धात्री आणि वंश मात्र इंग्लंडचा! ‘आई’ या एका शब्दात किती वेगवेगळी कामे दडली आहेत, हे या प्रवासाने दाखवून दिले.

१६/ मातेच्या उदराची मर्यादा नेमकी कोठे असते? मेंढीच्या गर्भाशयात वार चिकटण्यासाठी गुंडीसारखी उंच स्थाने असतात; त्यांची संख्या साधारण शंभराच्या आसपास. एक गर्भ असेल, तर त्याला मोठा वाटा मिळतो. दोन असतील, तर तीच स्थाने दोघांत विभागली जातात. प्रत्येक स्थान काहीसे मोठे होऊन तूट भरू पाहते. पण पूर्ण भरत नाही. म्हणूनच जुळे कोकरू एकुलत्यापेक्षा जन्मतः हलके असते.

१७/ दुसरी मर्यादा दुधाची. न्यूझीलंडचे वॉलेस यांनी केंब्रिजमध्ये केलेले काम १९४८ साली प्रसिद्ध झाले. गर्भाच्या वाढीचा मोठा हिस्सा गाभणकाळाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत होतो. त्या काळात मेंढी उपाशी राहिली, तर कोकरू लहान होते आणि तिचे दूधही आटते, हे त्यांनी दाखवले. दूध मोजण्याची त्यांची युक्ती साधी होती: कोकरू पाजण्यापूर्वी तोलायचे, पाजल्यावर पुन्हा तोलायचे.

१८/ जुळ्यांची आई एकुलत्याच्या आईपेक्षा जास्त दूध देते, कारण दोन तोंडे कास अधिक रिकामी करतात. पण ते दुप्पट होत नाही. वाढ साधारण ३० ते ४० टक्के असते. एकुलत्याला १०० भाग दूध मिळते असे धरले, तर जुळ्यांच्या आईचे दूध १४० भाग. प्रत्येकाच्या वाट्याला ७०. पहिल्या महिन्यात कोकराचा जवळजवळ सारा आहार दूधच असतो. त्यामुळे वाढीतील ही तूट त्याच्या अंगावर स्पष्ट दिसते.

१९/ चिकाचे महत्त्व तर याहून मोठे. मेंढीच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. कोकरू जवळजवळ निःशस्त्र जन्मते आणि पहिल्या दिवसातील चीक हेच त्याचे कवच ठरते. हलके, थंडीने काकडलेले दुसरे पिल्लू उठून कासेपर्यंत पोहोचण्यास उशीर करते, तेव्हा वाढीचा प्रश्न मागे पडून जगण्याचाच प्रश्न उभा राहतो.

२०/ शास्त्रज्ञांना आता हिशेबाची भाषा हवी होती. १९४० च्या दशकात डिकरसन आणि १९६३ साली विलहॅम यांनी ती घडवली. कोकराच्या वजनाचे त्यांनी भाग पाडले: कोकराच्या स्वतःच्या जनुकांचा वाटा, आईच्या मातृत्वगुणांमागील जनुकांचा वाटा आणि परिस्थितीचा वाटा. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की चांगल्या मातृत्वाची जनुके मेंढ्यातही असतात; तो ती दाखवू शकत नाही, एवढेच. ती प्रकट होतात त्याच्या मुलींच्या दुधात.

२१/ पुढे संगणक आले आणि ऑस्ट्रेलियातील आर्मिडेल येथील कारिन मेयर यांनी या मांडणीसाठी गणनपद्धती व संगणकप्रणाली विकसित केल्या. त्यांची १९९२ ची मांडणी आज जगभरच्या मेंढीसंशोधनात वापरली जाते. निष्कर्षांचा सूर बहुतेक ठिकाणी सारखा आहे: जन्माच्या व दूध तुटण्याच्या वेळी मातेचा प्रभाव ठळक असतो, वय वाढते तसा तो ओसरतो आणि कोकराचा स्वतःचा वारसा पुढे येतो.

२२/ आता पुन्हा ऑस्ट्रेलिया. न्यू साउथ वेल्समधील कूमाजवळ बुरूला नावाचे मेंढीरान होते. तेथील सिअर्स बंधूंनी १९४० च्या दशकापासून एक छंद जोपासला: जुळी, तिळी देणाऱ्या मेरिनो मेंढ्या वेगळ्या काढून त्यांचाच वंश वाढवायचा. लोकरीच्या राज्यात हा छंद विक्षिप्त वाटण्याजोगा होता. मेरिनो बहुधा एकच कोकरू देत असे आणि तेवढ्यावर मालक संतुष्ट असत.

२३/ या कळपाचे मोल ओळखले ते हेलन न्यूटन टर्नर (१९०८–१९९५) यांनी. त्यांचे शिक्षण स्थापत्यशास्त्राचे. मंदीच्या काळात त्या एका पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत सचिव म्हणून रुजू झाल्या, तेथे संख्याशास्त्राकडे वळल्या आणि पुढे मेंढी-आनुवंशिकीतील अग्रगण्य संशोधक ठरल्या. १९५८ साली सिअर्स बंधूंनी सीएसआयआरओ या राष्ट्रीय संशोधनसंस्थेला एक मेंढा भेट दिला. एका वेतात जन्मलेल्या पाच कोकरांपैकी तो एक होता.

२४/ सर्वसाधारण समजूत अशी होती की कोकरांची संख्या अनेक जनुकांच्या बारीकसारीक परिणामांतून ठरते. १९८० च्या सुमारास पायपर आणि बिंडन यांनी बुरूला मेंढीविषयी निराळेच मत मांडले: येथे एकच प्रभावी जनुक काम करत आहे. टर्नर यांनी जुनी कागदपत्रे चाळली, तेव्हा माग मार्सडेनच्या कळपापर्यंत आणि तेथून १७९० च्या दशकातील बंगाली मेंढ्यांपर्यंत पोहोचला. पुसले गेलेले रक्त दीडशेहून अधिक वर्षे मेरिनोच्या लोकरीखाली वाहत होते.

२५/ या अनुमानाला रेणूंचा आधार २००१ साली मिळाला. न्यूझीलंड, फ्रान्स आणि स्कॉटलंड येथील तीन गटांनी स्वतंत्रपणे तोच बदल शोधला. बीजांडाच्या वाढीशी निगडित एका ग्राहक-प्रथिनात २४९ व्या जागी ग्लुटामीनऐवजी अर्जिनीन आले होते. एवढ्या एका बदलाने एकाच वेळी अधिक बीजांडे पक्व होतात. २००२ साली विविध देशांतील मेंढ्यांच्या डीएनए चाचण्या प्रसिद्ध झाल्या आणि सुंदरबनाच्या गारोळमध्येही नेमका तोच बदल आढळला. या जनुकाचे नाव फेक-बी. त्यातील ‘बी’ बुरूलाचा.

२६/ मात्र ऑस्ट्रेलियाच्या विस्तीर्ण रानांत बुरूला मेंढीचा प्रसार अपेक्षेइतका झाला नाही. जनुकाने कोकरे दिली. जगवण्याची जबाबदारी मात्र आईवर सोडली. तीन-चार कोकरांपैकी प्रत्येक हलके, दूध अपुरे, थंड वारा आणि हजारो एकरांत माणसाची देखरेख नाही. पिल्लांची संख्या जसजशी वाढे, तसतसे जगण्याचे प्रमाण घटे. बीज आणि माता यांचा ताळेबंद येथे उघडा पडला.

२७/ याच टप्प्यावर फलटणचा प्रवेश होतो. बनबिहारी विष्णू निंबकर यांनी १९६८ साली तेथे निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली होती. १९९० च्या दशकात संस्थेने सुंदरबनातून गारोळ मेंढ्या आणल्या. मेंढीप्रकल्पाची धुरा डॉ. चंदा निंबकर यांनी वाहिली. त्या इरावती कर्वे यांच्या नात. ऑस्ट्रेलियाच्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्राचे साहाय्य मिळाले आणि जनुकाच्या चाचणीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे.

२८/ इतिहासाचा फेरा येथे लक्षात यावा. १७९२ साली भुकेल्या वसाहतीने बंगालची मेंढी नेली आणि पुढे क्षुद्र म्हणून पुसून टाकली. दोन शतकांनी त्याच देशाचे शास्त्र व पैसा तिचा गुण ओळखून दख्खनच्या मेंढपाळापर्यंत आणण्यास साहाय्य करत होता. सुंदरबनातील गरीब कुटुंबांनी मात्र मधल्या सर्व काळात कोणत्याही चाचणीविना ती मेंढी आणि तो गुण सांभाळून ठेवला होता.

२९/ फलटणमधील अडचण स्पष्ट होती. गारोळचे कोकरू जन्मतः किलो-सव्वा किलोच्या आसपास. तिच्याशी संकर केल्यास जुळी मिळतील. पण चण खुजी होईल आणि तीन महिन्यांच्या कोकराला बाजारात भाव येणार नाही. म्हणजे गारोळचे एकच जनुक हवे होते, बाकी देह नको होता. पहिल्या संकरात गारोळचा अंश ५० टक्के, दख्खनीशी पुन्हा संकर केला की २५, त्यानंतर १२.५. दर पिढीत ज्या पिल्लांत फेक-बी आहे, तीच डीएनए चाचणीने निवडायची.

३०/ या पैदाशीत दख्खनीच्या लोणंद भागातील प्रकाराबरोबर कर्नाटकाची भरदार बन्नूर मेंढी आणि इस्रायलमध्ये दुधासाठी सुधारलेली अवासी यांचाही उपयोग झाला. अवासीची निवड अर्थपूर्ण आहे. कोकरांची संख्या वाढवायची, तर कासेतही दूध वाढले पाहिजे, हा केंब्रिजच्या प्रयोगांचा धडा त्यामागे आहे. या प्रयत्नांतून जो वाण उभा राहिला, त्यास ‘नारी सुवर्णा’ असे नाव मिळाले.

३१/ दैवाने एक गोष्ट अनुकूल ठरली. ऑस्ट्रेलियन मेरिनोत हेच जनुक तीन, चार, पाच कोकरांपर्यंत मजल मारी. दख्खनी रक्तात मात्र त्याचा परिणाम सौम्य राहिला. जुळी सामान्य झाली, तिळी विरळच. मेंढीला दोन सड असतात आणि दोन कोकरे ती, थोडी मदत मिळाल्यास, पोसू शकते. जे जनुक एका देशात आईच्या शक्तीबाहेर गेले, ते दुसऱ्या देशात तिच्या आवाक्यात बसले.

३२/ ‘थोडी मदत’ हे शब्द महत्त्वाचे. प्रयोगशाळेतून मेंढे गावोगावच्या कळपांत गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर कानातले बिल्ले, वजनकाटा आणि नोंदवहीही गेली. जुळ्यांचे प्रत्येक कोकरू एकुलत्यापेक्षा हलके भरले. हे टळणारे नव्हते. परंतु मेंढीमागे एकूण वजनाचा हिशेब मांडला, की जुळ्यांच्या आईचे पारडे जड ठरले. शर्त एवढीच, की गाभणकाळाच्या अखेरीस आणि व्याल्यानंतर तिला जादा खुराक मिळावा.

३३/ आणि खुराक फुकट मिळत नाही. ज्याच्याकडे थोडे बागायत आहे, कडबा आहे, ज्याचा कळप घरापाशी राहतो, त्याला जुळी फायद्याची. ज्याचा वाडा वर्षातले महिनोन् महिने चालत असतो, त्याच्यापुढे गणित अवघड आहे: घोड्याच्या पाठीवर किती कोकरे बांधता येतील, कळपातल्या चार-दोन शेळ्यांचे दूध किती जणांना पुरेल? एकच जनुक एका घराला आधार आणि दुसऱ्याला भार ठरू शकते.

३४/ म्हणून वृद्ध मेंढपाळ जुळ्यांकडे साशंक नजरेने पाहत असेल, तर त्यास अज्ञान म्हणता येत नाही. वॉलेस यांनी काट्यावर तोलून जे दाखवले, ते त्याने दुष्काळी रानात हाडकुळ्या मेंढीमागे अडखळणारे दुसरे कोकरू पाहून जाणले होते. शास्त्राने त्या जाणिवेला आकडे दिले आणि उपायही सुचवला: आधी आईला पोसा, मग तिच्याकडून जुळ्यांची अपेक्षा करा.

३५/ पशुपैदाशीचा इतिहास दीर्घकाळ मेंढ्यांच्या नावांनी लिहिला गेला. बेकवेलचे भाड्याचे मेंढे, मॅकआर्थरचे मेरिनो, सिअर्स बंधूंनी भेट दिलेला मेंढा. ज्या असंख्य मेंढ्यांनी हा वारसा गर्भात वाहिला आणि दुधाने जगवला, त्यांची नोंद जहाजांच्या मालयादीत केवळ संख्येने झाली. कोलकात्याहून निघालेल्या त्या मेंढ्यांचे जनुक आज फलटणच्या परिसरातील कळपांत आहे. पहाटेच्या गारठ्यात व्यालेली मेंढी दोन कोकरे चाटून कोरडी करते, तेव्हा त्यांतील दुसरे कोकरू कासेपर्यंत पोहोचेल की नाही, हे मात्र आजही तिच्या अंगातील दमावर आणि मालकाने टाकलेल्या मूठभर पेंडीवर अवलंबून असते.